नव्वद दिवसांचं गणित
लेखमाला : परदेशी शिकताना – भाग ६

१९२१ साली देवासच्या थोरल्या पातीत एक इंग्रज हंगामी कामावर आला. दुसरा एक इंग्रज रजेवर गेला होता, त्याच्या जागी काही महिने महाराज तुकोजीराव पवारांचा खासगी चिटणीस म्हणून. हा बदली कामगार म्हणजे कादंबरीकार इ. एम. फॉर्स्टर. राजवाड्यातल्या त्या दिवसांवर त्याने पुढे, १९५३ मध्ये, ‘द हिल ऑफ देवी’ हे पुस्तक छापलं. परक्या देशात नोकरी करायला त्याला महाराजांची मर्जी पुरली. आज त्याच देवासहून किंवा शेजारच्या धारहून अमेरिकेत शिकायला गेलेल्या पोरांचं काम मर्जीवर भागत नाही. त्यांना एक कार्ड लागतं, आणि त्यावरच्या तारखा घरातल्या सगळ्यांना पाठ असाव्या लागतात.

गेल्या आठवड्यात आपण विद्यापीठाचा आय-ट्वेंटी कागद वाचला. पदवी हातात पडल्यावर त्याच कागदाच्या आधाराने जी कामाची मुभा मिळते, तिचं नाव ऑप्शनल प्रॅक्टिकल ट्रेनिंग, म्हणजे ओपीटी. मुलगा फोनवर “ओपीटी मिळाली” म्हणतो आणि इकडे आजी शेजारीपाजारी पेढे वाटते, पोराला नोकरी लागली म्हणून. लागलेली नसते. नोकरी शोधायची आणि करायची परवानगी तेवढी मिळालेली असते.

या मुभेला मराठीत नेमका शब्द आहे : उमेदवारी. धार जिल्ह्यातल्या पीथमपूरच्या कारखान्यांत आयटीआयची पोरं शिकाऊ उमेदवार म्हणून उभी राहतात, तसाच हा प्रकार. शिकलात त्याच विषयातलं काम करायचं, आठवड्याला निदान वीस तास, आणि तेही ठरल्या मुदतीत. विद्यार्थ्यांना अशा प्रशिक्षणाची सोय अमेरिकेच्या नियमांत १९४७ पासून आहे; ओपीटी हे नाव आणि बारा महिन्यांची मुदत १९९२ ची. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी किंवा गणिताची पदवी असेल तर २०१६ पासून आणखी चोवीस महिने मिळू शकतात. म्हणून संगणकशास्त्राच्या मुलाला तीन वर्षं आणि इतिहासाच्या मुलीला एकच. कर्ज दोघांच्याही डोक्यावर सारखंच असू शकतं, पण नियम त्याची चौकशी करत नाही.

आता तारखा. हा भाग पेन्सिल घेऊन वाचावा.

समजा, देवासच्या एका मुलीचा अभ्यासक्रम १५ मे २०२६ ला संपतो. त्याआधी नव्वद दिवस म्हणजे १४ फेब्रुवारीपासून ती अर्ज करू शकते आणि संपल्यावर साठ दिवस म्हणजे १४ जुलैपर्यंत. पण आधी विद्यापीठातल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या अधिकाऱ्याने शिफारस नोंदवायला हवी, आणि शिफारस झाल्यापासून तीस दिवसांत आय-७६५ हा अर्ज पोचायला हवा. अर्ज आणि शुल्क सगळं बिनचूक, पण एकतिसाव्या दिवशी : असा अर्ज नामंजूर होतो. अर्जात कामाची सुरुवातीची तारीख तिने स्वतः निवडायची असते, अभ्यासक्रम संपल्यापासूनच्या साठ दिवसांतली. ती १ जुलै निवडते.

मग टपालाने कार्ड येतं. आपल्या वाहन परवान्याएवढं प्लास्टिकचं, एका बाजूला फोटो, आणि वर्गाच्या रकान्यात ‘सी०३बी’ असं आकडे-अक्षरांचं कोडं. हेच तिचं कामाचं अधिकारपत्र. ते मंजूर होऊन त्यावरची तारीख उजाडेपर्यंत एक दिवसही काम करायचं नाही, कंपनीने कितीही घाई केली तरी.

आणि १ जुलैला घड्याळ सुरू होतं. बारा महिन्यांत मिळून नव्वद दिवसच बेकार राहता येतं. शनिवार-रविवारही त्यात धरले जातात. मुलीला काम मिळालंच नाही तर नव्वदावा दिवस येतो २८ सप्टेंबरला. इकडे घरचे गणपती बोळवून दोन-तीन दिवस झालेले असतात आणि तिकडे पोरगी दिवसाला वीस अर्ज टाकत बसलेली असते. वाढीव चोवीस महिने मिळाले तर बेकारीची मर्यादा एकूण दीडशे दिवस होते. मात्र तेव्हा कंपनी सरकारच्या ई-व्हेरिफाय यंत्रणेत नोंदलेली लागते आणि आय-९८३ नावाची प्रशिक्षणाची लेखी योजना मालकाच्या सहीनिशी द्यावी लागते. पहिल्या वर्षात बिनपगारी कामही चालून जातं, पुढच्या दोनांत चालत नाही.

या नव्वद दिवसांच्या धास्तीतून एक काळा धंदा उभा राहिला : कागदावरच्या कंपन्या. काम नाही, पगार नाही, पण पत्र मिळतं. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकी यंत्रणेने ‘ऑप्टिकल इल्युजन’ या नावाची मोहीम काढून अस्तित्वातच नसलेल्या कंपन्यांत नोकरी दाखवणाऱ्या पंधरा जणांना धरलं. त्यांतले अकरा भारतीय. मे २०२५ मध्ये ज्यांच्या नावापुढे मालकाची नोंदच नव्हती त्यांना, पंधरा दिवसांत माहिती भरा, अशी पत्रं गेली. यांतले काही खरंच नोकरी करत होते, नोंद करायची राहिली होती! काम लागलं, सुटलं, पत्ता बदलला, की दहा दिवसांत कळवायचं असतं. आळसाला इतकं महाग करणारा नियम विरळाच.

पगाराचं एक गुपित घरच्यांना ठाऊक असावं. एफ-वन व्हिसावरचा विद्यार्थी पहिली पाच कॅलेंडर वर्षं सामाजिक सुरक्षा आणि मेडिकेअरची कपात देत नाही. ती ७.६५ टक्के असते आणि तेवढाच वाटा मालकाचाही वाचतो. अमेरिकेतल्या विरोधकांचा हाच आक्षेप आहे : परक्या पोरांना घेणं स्वस्त पडतं. तिथल्या तंत्रज्ञ कामगारांची ‘वॉशटेक’ संघटना यावर कोर्टात गेली. २०२२ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने ओपीटी वैध ठरवली आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपील ऐकायला नकार दिला. पण ओपीटी नियमावर उभी आहे, संसदेच्या थेट कायद्यावर नाही. सरकारच्या मनात आलं तर नियम नव्याने लिहिता येतो. आक्षेप अगदीच पोकळ आहे असंही म्हणवत नाही, मात्र त्याचा राग पोरांवर काढण्यात काही अर्थ नाही.

हा मामला छोटा नाही. २०२३-२४ या वर्षी अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते आणि त्यांतले ९७,५५६ ओपीटीवर. इतर देशांतही अशा मुदती आहेत : जर्मनी काम शोधायला अठरा महिने देते, कॅनडा अभ्यासक्रमाच्या लांबीप्रमाणे तीन वर्षांपर्यंत. ब्रिटनची दोन वर्षं १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना अठरा महिनेच उरतील, पीएचडीवाल्यांची तीन तशीच राहतील.

राहिला घरच्या लग्नाला येण्याचा प्रश्न. कार्ड असताना मायदेशी येता येतं, पण परत शिरताना चालू व्हिसा, कार्ड, नोकरीचं पत्र आणि गेल्या सहा महिन्यांतली सही असलेला आय-ट्वेंटी, असं चारही लागतं. पासपोर्टातला व्हिसा संपलेला असेल तर आधी मुंबईच्या अमेरिकी वकिलातीत मुलाखत. मध्य प्रदेश तिच्याच हद्दीत येतो. त्या मुलाखतीची तारीख मिळाल्याशिवाय इंदूरचं तिकीट काढलं, तर परतीच्या दिवशी नोकरी तिकडे आणि मुलगी देवासच्या माळ्यावर, अशी गत होते. म्हणून मुहूर्त काढताना गुरुजींच्या पंचांगाशेजारी तिच्या कार्डाचा आणि व्हिसाच्या पानाचा फोटो ठेवावा.

(पुढच्या आठवड्यात : एच-वन-बीची सोडत)