बाहेर जाण्याऐवजी ऑनलाइन

मे २०१९मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ‘गेमिंग डिसऑर्डर’ला आजारांच्या अधिकृत यादीत जागा दिली. वर्षही उलटलं नव्हतं, तोच करोना आला. मार्च २०२०मध्ये गेम कंपन्यांनी ‘प्ले अपार्ट टुगेदर’ अशी मोहीम काढली आणि याच संघटनेनं तिला पाठिंबा दिला. घरात थांबा, लांब राहूनच एकत्र खेळा! यावर बरीच टिंगल झाली. मला मात्र त्यात विसंगती दिसत नाही. खेळणं हाच आजार, असं संघटना आधीही म्हणत नव्हती. खरा घोळ झाला तो मोजमापात.

टाळेबंदीत जगभरच्या संशोधकांनी तरुणांमधल्या इंटरनेट व्यसनाची पाहणी सुरू केली. कॉलेजं बंद, प्रत्यक्ष भेटी बंद. मग ऑनलाइन फॉर्म तयार करायचा, लिंक व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपांवर सोडायची आणि ज्यांनी भरला त्यांची टक्केवारी काढायची. म्हणजे व्यसन शोधायचं इंटरनेटचं आणि नमुना घ्यायचा मुळात इंटरनेटवर बसलेल्यांचाच. ज्याच्या घरात एकच फोन आणि तोही वडिलांबरोबर कामावर जाणारा, तो मुलगा या टक्केवारीत कुठेच नाही.

यातल्या अनेक पाहण्यांची फूटपट्टी होती अमेरिकी मानसशास्त्रज्ञ किम्बर्ली यंग यांची १९९८ची वीस प्रश्नांची चाचणी. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते पाच गुण, एकूण शंभरपैकी. ही चाचणी टेलिफोनच्या तारेवरून मोडेम कुरकुरत जोडला जायचा त्या काळातली. तिच्यातला एक प्रश्न असा, की इतरांबरोबर बाहेर जाण्याऐवजी तुम्ही ऑनलाइन राहणं किती वेळा पसंत करता? एप्रिल २०२०मध्ये पुण्यातल्या एखाद्या विद्यार्थ्यानं याला काय उत्तर द्यायचं? बाहेर गेला तर चौकात पोलिसांची काठी. लेक्चर ऑनलाइन, परीक्षा ऑनलाइन, वाढदिवस ऑनलाइन आणि गावच्या आजोबांचं शेवटचं दर्शनही व्हिडिओ कॉलवर. त्यानं खरं उत्तर दिलं की त्याचे गुण वाढणार.

याउलट जागतिक आरोग्य संघटनेच्या गेमिंग डिसऑर्डरच्या व्याख्येत तासांचा आकडाच नाही. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्याआधी खेळ येणं आणि नुकसान दिसत असूनही न थांबणं, हे तिन्ही पाहायचं. त्यामुळे घरातली नाती, अभ्यास, नोकरी यांची ठळक पडझड झालेली असावी आणि हे साधारण बारा महिने चाललेलं असावं. या कसोटीला उतरणारी मुलं आहेत, पण थोडी. बंगळूरुच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं त्यांच्यासाठी २०१४पासून ‘शट क्लिनिक’ चालवलं आहे.

मग बाकीच्यांचं काहीच बिघडलं नाही का? बिघडलं. महासाथीच्या पहिल्या वर्षात जगभरात चिंता आणि नैराश्याचं प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढलं आणि तरुणांना त्याची झळ जास्त बसली. पण त्याचं खापर थेट स्क्रीनवर फोडता येत नाही. एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रिझिबिल्स्की या संशोधकांनी २०१९मध्ये लाखो किशोरांची माहिती चाळली, तेव्हा त्यांच्या मनःस्वास्थ्यातल्या फरकांपैकी जेमतेम ०.४ टक्के फरकाचा संबंध डिजिटल वापराशी लागला. बटाटे खाण्याशी लागणारा संबंधही जवळपास तेवढाच भरला! शिवाय आधी काय घडलं, तेही अशा आकड्यांतून ठरत नाही. फोनमुळे मुलगी उदास झाली, की उदास होती म्हणून फोनकडे वळली? बहुधा दोन्ही, आळीपाळीनं.

मला स्वतःला जास्त काळजी वाटते ती झोपेची. आपल्या मेंदूतलं घड्याळ रोज उजेडावर लावलं जातं. डोळ्याच्या पडद्यातल्या काही पेशींचं मुख्य काम पाहणं नसून उजेड किती आहे हे त्या घड्याळाला कळवणं असतं. सकाळचं ऊन ते पुढे ओढतं, रात्रीचा उजेड मागे ढकलतो. पौगंडावस्थेत हे घड्याळ तसंही एक-दोन तास उशिरा चालतं. सकाळी सातची शाळा त्याला जबरदस्तीनं जागेवर ठेवायची. टाळेबंदीत ती गेली. पहिला तास कॅमेरा बंद ठेवून, पांघरुणातच. दिवसभर ट्यूबलाइट, सकाळचं ऊन नाही, मैदान नाही. रात्री घर झोपलं की मोबाइलवर कुणाची नजर नाही आणि एक एपिसोड संपला की पुढचा आपोआप सुरू. दोन वाजतात. अपुऱ्या झोपेनं चिडचिड आणि खिन्नता वाढते, खिन्न मन पुन्हा फोन शोधतं. स्क्रीनच्या निळ्या उजेडाची चर्चा फार होते. झोपेचे तासच खाल्ले जाणं हे त्याहून मोठं कारण आहे.

शाळा उघडल्यावरही फोनची ही सवय सुटेना, तेव्हा सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं २०२२मध्ये एक उपाय केला. संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही, मोबाइल बंद. हा नियम एकट्या मुलांसाठी नाही. आईची मालिका आणि वडिलांचं व्हॉट्सअ‍ॅपही त्याच भोंग्याला बंद करायचं असं ठरलं. आशा सेविका, अंगणवाडी सेविका आणि निवृत्त शिक्षक सुरुवातीला घरोघरी फिरून तेच समजावत होते.