बहिष्काराचे शस्त्र आणि पेट्रोलचा भाव

पेट्रोलचा भाव चढू लागला की एक आवाहन गावोगाव फिरू लागते. अमुक तारखेस कोणीही पेट्रोल घेऊ नये. एक दिवस सर्वांनी पंपाकडे पाठ फिरवली की कंपन्यांचे डोळे उघडतील आणि भाव खाली येईल, असा त्याचा आशय असतो. पूर्वी असली पत्रके हातोहात वाटली जात; आता ती भ्रमणध्वनीवरून क्षणार्धात लाखो लोकांपर्यंत पोहोचतात, एवढाच काय तो फरक. हे आवाहन पुढे पाठविणारी माणसे रिकामटेकडी नव्हेत. घराचा हप्ता, मुलांची फी आणि औषधपाणी भागवून जे उरते त्यात स्कूटरची टाकी भरताना ज्यांचा हात आखडतो, अशी ती माणसे आहेत. त्यांच्या संतापाविषयी आम्हांस आदरच आहे. म्हणूनच तो संताप कोठे पोहोचतो आणि कोठे वाया जातो, याचा विचार एकदा स्पष्टपणे व्हावयास हवा.

बहिष्कार हा शब्द महाराष्ट्राला कोणाकडून उसना घ्यावा लागलेला नाही. वंगभंगाच्या निषेधार्थ ७ ऑगस्ट १९०५ रोजी कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये विलायती मालावरील बहिष्काराचा ठराव झाला, आणि दोनच महिन्यांनी पुण्यात परदेशी कापडाची होळी पेटली. लोकमान्यांनी तर बहिष्काराला आपल्या चतुःसूत्रीत स्थान दिले. परंतु त्या बहिष्काराचा हेतू कापड स्वस्त करून घेणे हा नव्हता. महाग पडले तरी चालेल, जाडेभरडे असले तरी चालेल, पण देशी घ्या, असा तो आग्रह होता. आणि त्या लाटेचा लाभ उठवून मुंबईच्या गिरणीमालकांनी भाव चढविल्याची तक्रार तेव्हा बंगालातून झालीही होती. शिवाय विलायती धोतराला देशी धोतराचा पर्याय होता. पेट्रोलची गोष्ट तशी नाही. सोमवारी ज्याने ते घेतले नाही, त्याला मंगळवारी ते घ्यावेच लागते.

अमेरिकेत ३० एप्रिल १९९९ या दिवशी कोणी पेट्रोल घेऊ नये, अशी हाक संगणकीय पत्रांद्वारे देण्यात आली होती. त्यातील दोष अर्थशास्त्र न शिकलेल्यालाही दिसावा. गाडी तेवढीच धावणार असेल, तर टाकी आदल्या दिवशी भरली काय किंवा दुसऱ्या दिवशी भरली काय, महिन्याच्या विक्रीत थेंबाचाही फरक पडत नाही. आपल्याकडे ३१ मे २०२२ रोजी अनेक राज्यांतील पंपचालकांनीच एक दिवस कंपन्यांकडून माल न उचलण्याचा मार्ग अवलंबिला. त्यांची मागणी भाव उतरविण्याची नव्हती, स्वतःचे कमिशन वाढविण्याची होती. टाक्यांत साठा असल्यामुळे बहुतेक ग्राहकांना त्याची गंधवार्ताही लागली नाही, आणि कमिशन वाढले ते ऑक्टोबर २०२४ मध्ये. घाऊक खरेदीदारांच्या संघटित नकाराची ही कथा. मग विखुरलेल्या किरकोळ ग्राहकाची काय असणार?

यावर कोणी म्हणेल की एक दिवसाचे सोडा, महिनोन्‌महिने चालणारा बहिष्कार घ्या. तसा प्रयोग मोरोक्कोत झालेला आहे आणि तो मुळातून पाहण्यासारखा आहे. तेथील सरकारने २०१५ च्या अखेरीस इंधनाचे दर नियंत्रणमुक्त केले. त्याच वर्षी देशातील एकमेव तेलशुद्धीकरण कारखानाही बंद पडला होता. भाव चढले, वितरकांचे नफे फुगले. २० एप्रिल २०१८ पासून लोकांनी तीन नाममुद्रांवर बहिष्कार घातला: सांत्राल दानोनचे दूध, सिदी अलीचे बाटलीतले पाणी आणि आफ्रिकियाचे पेट्रोल. कोणी पुढारी नाही, कोणता पक्ष नाही. एका मंत्र्याने बहिष्कार घालणाऱ्यांना मूढ म्हटले, तेव्हा बहिष्कार अधिकच पसरला.

परिणाम काय झाला? दूधवाली कंपनी जेरीस आली. फ्रान्सहून तिच्या मूळ कंपनीचे प्रमुख जूनमध्ये कासाब्लांकास धावत आले, ताजे दूध विनानफा विकण्याची तयारी त्यांनी दर्शविली आणि सप्टेंबरमध्ये दरकपात जाहीर केली. दूध नासते, ते साठवून ठेवता येत नाही, आणि शेजारच्या दुकानात दुसऱ्या डेअरीचे दूध मिळते. पेट्रोल नासत नाही. ज्याने आफ्रिकियाचा पंप टाळला त्याने पुढल्या पंपावर तेच इंधन जवळजवळ त्याच भावाने घेतले. बहिष्काराने त्या पंपांपुढच्या रांगा आटल्या, पण पेट्रोलचा भाव बाजाराने ठरविला तोच राहिला. त्या कंपनीचे मालक अझीझ अखन्नूश तेव्हा कृषिमंत्री होते. २०२१ मध्ये ते पंतप्रधान झाले! नऊ इंधन कंपन्यांना १.८४ अब्ज दिऱ्हाम भरावयास लावले ते २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये तेथील स्पर्धा परिषदेने, म्हणजे कायद्याने. लोकांच्या रोषामुळे प्रश्न ऐरणीवर आला हे श्रेय बहिष्काराला अवश्य द्यावे. पण त्याची किंमत कोणी मोजली, हेही पाहावे. दूध कंपनीने सुमारे एक लाख वीस हजार शेतकऱ्यांकडून घेतले जाणारे दूध तीस टक्क्यांनी कमी केले, आणि कंत्राटी कामगारांना घरी पाठविले.

याहून मोठा प्रयोग आपण स्वतःच, अनिच्छेने का होईना, केलेला आहे. २०२० च्या एप्रिल महिन्यात टाळेबंदीमुळे देशभर रस्ते ओस पडले. पेट्रोलचा खप आदल्या वर्षीच्या एप्रिलच्या मानाने सुमारे साठ टक्क्यांनी घसरला. कोणत्याही आवाहनाने जे कधी साधले नसते ते साधले. जगात कच्च्या तेलाचा भाव कोसळला. २० एप्रिल रोजी अमेरिकेतील वायद्याचा भाव तर शून्याच्याही खाली गेला, म्हणजे तेल उचलून नेणाऱ्यालाच वर पैसे देण्याची पाळी आली. आणि मुंबईच्या पंपावर? एप्रिलभर पेट्रोल ७६ रुपयांच्या आसपास स्थिर राहिले. मार्चमध्ये लिटरमागे तीन रुपये आणि मेच्या आरंभी दहा रुपये उत्पादनशुल्क केंद्राने वाढविले. १ जूनपासून राज्यानेही आपले दोन रुपये वाढविले. ७ जूनपासून कंपन्यांनी रोज भाव चढविण्यास सुरुवात केली आणि महिनाअखेर मुंबईत पेट्रोल ८७ रुपयांवर गेले. इतक्या मोठ्या नकाराने जर भाव उतरला नाही, तर एका रविवारच्या नकाराने तो उतरेल ही आशा कशाच्या बळावर करावयाची?

याचे कारण गुप्त नाही. त्या मे महिन्यात दिल्लीतल्या एक लिटर पेट्रोलच्या भावात करांचा वाटा सत्तर टक्क्यांच्या जवळपास होता. ज्या कंपनीवर आपण रागावतो तिच्या हातात त्या भावाचा लहानसा तुकडाच असतो. ट्रॉम्बेच्या दोन तेलशुद्धीकरण कारखान्यांचा धूर मुंबईकर १९५० च्या दशकापासून श्वासात घेत आला आहे. तरी २०२४ च्या उत्तरार्धात मुंबईत पेट्रोल १०३ रुपयांच्या वर आणि समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या दिल्लीत ९५ रुपयांच्या आत होते. हा फरक प्रामुख्याने मुंबईत राज्य करते त्या सरकारच्या कराचा होय. दुष्काळासाठी म्हणून २०१५ साली राज्याने लिटरमागे दोन रुपयांचा अधिभार बसविला. पाऊस पडला, पण अधिभार वाढतच गेला. सत्तेवर कोण आले आणि कोण गेले याचा त्या वाढीशी फारसा संबंध आढळत नाही.

तेव्हा भाव कशाने हलतो हे पाहावयाचे असेल तर पंपाकडे न पाहता निवडणुकीच्या पंचांगाकडे पाहावे. १६ जून २०१७ पासून आपल्याकडे इंधनाचे भाव रोज ठरतात, निदान तसे सांगितले जाते. पण ४ नोव्हेंबर २०२१ पासून तब्बल १३७ दिवस ते एका पैशानेही हलले नाहीत. उत्तर प्रदेशासह पाच राज्यांच्या निवडणुका त्याच काळात झाल्या, आणि युक्रेनच्या युद्धाने कच्चे तेल शंभर डॉलरच्या पलीकडे गेले तेही त्याच काळात. निकाल लागल्यानंतर, २२ मार्चपासून सोळा दिवसांत लिटरमागे दहा रुपये वाढ झाली. पुढे १५ मार्च २०२४ पासून दोन रुपये कमी झाले. लोकसभेच्या निवडणुकीचा कार्यक्रम दुसऱ्याच दिवशी जाहीर झाला. ही केवळ योगायोगांची मालिका आहे असे ज्यांस वाटते त्यांच्या भाबडेपणाचे कौतुक करावे तेवढे थोडेच.

महाराष्ट्रातील स्त्रियांना हे मर्म फार पूर्वी उमगले होते. १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभारली, तेव्हा रॉकेलवाचून चुली अडणाऱ्या गृहिणींना त्यांनी रॉकेल घेऊ नका असे सांगितले नाही. थाळ्या आणि लाटणी घेऊन त्या रस्त्यावर उतरल्या आणि थेट सत्ताधाऱ्यांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. फ्रान्समध्ये २०१८ च्या हिवाळ्यात पिवळी जाकिटे घालून चौक अडविणाऱ्यांचा रोखही इंधनावरील करवाढीवरच होता. ती करवाढ डिसेंबरात मागे घ्यावी लागली. त्या आंदोलनातील जाळपोळीचे समर्थन आम्ही करीत नाही. परंतु नेम अचूक होता, हे मान्य करावे लागते.

मागणी कमी करून भाव उतरत नाही असे मात्र आमचे म्हणणे नाही. उतरतो, पण त्यास दिवस नव्हे, वर्षे लागतात. १९७३ आणि १९७९ च्या तेलसंकटांनंतर युरोप-अमेरिकेने मोटारी हलक्या केल्या, वीज कोळशावर आणि अणुशक्तीवर काढली, घरांच्या भिंती उबदार केल्या. जगाचा तेलाचा खप चार वर्षांत सुमारे एक दशांशाने घटला. किंमत टिकविण्यासाठी सौदी अरबस्तानने आपले उत्पादन निम्म्याहून कमी केले, शेवटी तोही थकला आणि १९८६ मध्ये भाव दहा डॉलरच्या आसपास येऊन आदळला. हा बहिष्कार कोणी पुकारला नव्हता.

असा दीर्घ बहिष्कार मुंबईकराने करावयाचा म्हटला तर त्याला बस हवी. २०१९ च्या जुलैत बेस्टचे किमान भाडे पाच रुपयांवर आणले तेव्हा प्रवासी परत आले होते. पण त्यानंतर गाड्या कमी होत गेल्या, आणि मे २०२५ मध्ये ते भाडे दहा रुपये झाले. थांब्यावर अर्धा तास तिष्ठणारा कारकून उद्या हप्त्याने स्कूटर घेतो, आणि पेट्रोलच्या खपात आणखी एकाची भर पडते. रिक्षावाला, औषधांचा फिरता विक्रेता, दूरच्या उपनगरातून पहाटे रुग्णालयात पोहोचणारी परिचारिका यांना तर एक दिवसाचाही बहिष्कार परवडणारा नाही. ज्याच्या दाराशी दोन गाड्या उभ्या आहेत त्यालाच तो परवडतो.

राहता राहिला कर. वस्तू व सेवा कर आला तेव्हा पेट्रोल, डिझेल, कच्चे तेल, नैसर्गिक वायू आणि विमानाचे इंधन यांवर तो कोणत्या तारखेपासून लावावा याची शिफारस वस्तू व सेवा कर परिषदेने करावी, असे राज्यघटनेच्या २७९-अ या कलमात लिहून ठेवण्यात आले. त्या करात इंधन आणल्याने ते आपोआप स्वस्त होईल असे नाही; दर काय ठरतो यावर सारे अवलंबून राहील. परंतु दोन्ही सरकारांना आळीपाळीने आणि परस्पर हात मारता येणार नाही, जो कर लावावयाचा तो एका टेबलाशी बसून उघडपणे लावावा लागेल, हा लाभ लहान नव्हे. केरळ उच्च न्यायालयाने विचारणा केल्यावर १७ सप्टेंबर २०२१ रोजी लखनौच्या बैठकीत परिषदेपुढे हा विषय आला. केंद्राच्या अर्थमंत्री अध्यक्षस्थानी होत्या आणि परिषदेत महाराष्ट्रासह प्रत्येक राज्याला जागा आहे. ही वेळ योग्य नव्हे, असा निर्णय झाला. योग्य वेळ कोणती, हे त्या दिवशी कोणत्याही राज्याने सांगितले नाही.