वाळूत इंजिनाची मिजास चालत नाही

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यातलं क'गारी, म्हणजे २०२३ पर्यंतचं फ्रेझर आयलंड, हे जगातलं सर्वांत मोठं वाळूचं बेट. सेव्हंटी-फाइव्ह माइल बीच ही त्याच्या पूर्वेची पुळण म्हणजे इथला हमरस्ताच. तिथे ताशी ८० किलोमीटरची वेगमर्यादा आहे, रहदारीचे नियम लागू आहेत आणि अधूनमधून छोटी विमानंही उतरतात. बेटावर जायला इन्स्किप पॉइंटहून बार्ज मिळते, पण बार्ज गाठण्याआधीच मऊ वाळूचा पट्टा आडवा येतो. मागे कॅरॅव्हॅन जोडलेल्या भल्याभल्या गाड्या तिथेच बसकण मारतात. या फजितीमागे बहुतेक वेळा पुढचेच काही समज असतात.

गैरसमज : फोर व्हील ड्राइव्ह आहे, मग मागे काहीही जोडा.

वस्तुस्थिती : इंजिनाचा जोर मिळतो तो गाडीच्या चार चाकांना. कॅरॅव्हॅनची चाकं नुसती वाळू नांगरत मागून येतात. डांबरी रस्त्यावर दोन टनांची कॅरॅव्हॅन चालती ठेवायला साधारण २० ते ४० किलो वजनाइतका जोर पुरतो. भुसभुशीत वाळूत तोच ४०० ते ८०० किलोंवर जाऊ शकतो. त्यात ऑस्ट्रेलियात कॅरॅव्हॅनच्या वजनाचा सुमारे दहावा हिस्सा टो बॉलवर, म्हणजे गाडीच्या मागच्या जोडणीच्या गोळ्यावर, ठेवण्याचा प्रघात आहे. म्हणजे आणखी २०० किलो गाडीच्या मागच्या बाजूवर. मागची चाकं खोल जातात, पुढची हलकी पडतात. म्हणून जाणकार आधी सामान कमी करतात. कॅरॅव्हॅनच्या दोन चाकांमधलं अंतर गाडीइतकंच आहे ना, हेही बघतात. तसं असेल तर ती गाडीने दाबून ठेवलेल्या चाकोरीतून येते. नसेल तर स्वतःची नवी चाकोरी खणत बसते.

गैरसमज : टायर टणक असले की गाडी वाळूवर तरंगते.

वस्तुस्थिती : नेमकं उलट. रस्त्यावर ३५-४० पीएसआय हवा असलेले टायर वाळूसाठी साधारण १८-२० पीएसआयवर आणतात. नेमका आकडा वजन आणि टायर बघून ठरतो. हवा कमी झाली की टायर जमिनीवर पसरतो, तोही रुंदीपेक्षा लांबीत जास्त. भार तेवढाच, पण तो पेलणारी जागा वाढते, म्हणून चाक कमी रुततं. वाळू सुरू होण्याआधी गाड्या कडेला ओळीने थांबलेल्या असतात, व्हॉल्व्हमधून सूंऽऽ आवाज येत असतो आणि प्रत्येकाची नजर गेजच्या काट्यावर. तरी एक चूक हमखास होते : गाडीची हवा काढतात आणि कॅरॅव्हॅनची विसरतात.

हवा कमी केल्यावर वेगही कमी हवा. झटक्यात वळण घेतलं तर टायर रिममधून निसटू शकतो.

गैरसमज : रुतायला लागली की रेस वाढवायची.

वस्तुस्थिती : वाळूत गती टिकवायची असते, ती लो रेंज गिअरमध्ये, एकसारख्या जोराने. जागच्या जागी फिरणारं चाक खड्डा खणतं आणि थोड्याच वेळात गाडीचं पोट वाळूला टेकतं. इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल चालू राहिलं तर तेही ऐन वेळी इंजिनाचा जोर तोडतं, म्हणून वाळूत ते बंद करतात. थांबतानाही करकचून ब्रेक नको, कारण चाकांपुढे वाळूचा ढीग साचतो. उताराकडे तोंड करून गाडी आपोआप थांबू द्यावी.

गाडी बसलीच तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, फावड्याने चाकांपुढची वाळू उपसायची, हवा आणखी थोडी काढायची आणि चाकांखाली खाचांच्या फळ्या सारायच्या. तरीही हलेना, तर कॅरॅव्हॅन सोडायची, गाडी कठीण जागेवर न्यायची आणि तिथून लांब पट्ट्याने कॅरॅव्हॅनला ओढायचं.

गैरसमज : पट्टा टो बॉलला अडकवला की झालं.

वस्तुस्थिती : हा जिवावर बेतणारा समज. टो बॉल कॅरॅव्हॅनचा संथ भार ओढायला असतो. रुतलेली गाडी ताणपट्ट्याने हिसडा देऊन काढताना तो तुटला, तर गोळीसारखा सुटतो. ऑस्ट्रेलियात अशा अपघातांत माणसं दगावली आहेत. पट्टा फक्त चॅसीला बोल्ट केलेल्या, क्षमता नोंदवलेल्या हुकांना लावायचा आणि बघ्यांना लांब उभं करायचं.

गैरसमज : पाण्याच्या कडेची ओली वाळू सर्वांत भरवशाची.

वस्तुस्थिती : दमट वाळू घट्ट असते, कारण कणांमधलं थोडंसं पाणी त्यांना धरून ठेवतं. तेच पाणी काठोकाठ भरलं की पकड सुटते. लाटेच्या टप्प्यात उभी केलेली गाडी प्रत्येक लाटेगणिक खाली जाते. म्हणून क'गारीवर भरतीच्या आधीचे आणि नंतरचे दोन तास टाळून निघायचा सल्ला दिला जातो.

गैरसमज : किनारा मोकळा असतो, गाडी कुठेही घालावी.

वस्तुस्थिती : क'गारीवरही गाडीला परवाना लागतो. गोव्यात किनाऱ्यावर गाडी चालवायला बंदी आहे, तरी पर्यटकांच्या गाड्या वाळूत रुततात आणि मग पोलिसांत गुन्हाही नोंदला जातो. कारण फक्त शिस्तीचं नाही. वेळास, आंजर्ले, मोरजी, आगोंद इथे ऑलिव्ह रिडले कासवं वाळूत अंडी घालतात. चाकांखाली घरटी दबतात आणि खोल चाकोरीत अडकलेली पिल्लं समुद्राकडे जाऊ शकत नाहीत.

गैरसमज : वाळू संपली की काम संपलं.

वस्तुस्थिती : कमी हवेचे टायर डांबरावर वेगात धावले की तापतात आणि फुटू शकतात, त्यामुळे कॉम्प्रेसर सोबत लागतोच. मग गोड्या पाण्याने धुलाई. चॅसी, ब्रेक आणि जोडकड्यांबरोबर कॅरॅव्हॅनचा तळही धुवावा लागतो, कारण मागे असल्यामुळे गाडीच्या चाकांनी उडवलेलं खारं पाणी आणि वाळू तिच्याच अंगावर येते.