सामाईक पानांचे डाव कसे शिकावे



दिवाळींत घरोघर पत्त्यांचा कॅट बाहेर निघतो. नांदेड असो वा लातूर, मेंढीकोट, बदाम सात, रमी आणि वडीलधारी मंडळी निजल्यावर तीन पत्ती, हा क्रम ठरलेला. अलीकडे त्यांत पोकर या परदेशी खेळाची भर पडली आहे. त्याचे कांहीं अल्पपरिचित प्रकार कसे शिकावे, हें आज सांगण्याचें योजिलें आहे. मी जुगाराचा पुरस्कर्ता नव्हे. आमच्या घरीं डाव चिंचोक्यांवर चालतो.

प्रथम मूळ डाव पाहूं. त्यास टेक्सास होल्डेम म्हणतात. प्रत्येकास दोन पानें गुप्त मिळतात. मग मध्यभागीं पांच पानें सर्वांचीं सामाईक म्हणून उघडतात: आधीं तीन, नंतर एक, नंतर आणखी एक. प्रत्येक टप्प्यावर चिंचोके लावावयाचे किंवा डाव सोडावयाचा. अखेरीस सात पानांतून उत्तम पांच निवडावयाचीं. तीन पत्तींत दुसऱ्याचें एकही पान दिसत नाहीं. येथें पांच पानें सर्वांसमोर असतात. म्हणून अनुमानास अधिक वाव.

आतां पहिला प्रकार, ओमाहा. यांत हातीं चार पानें येतात. परंतु हातांतलीं बरोबर दोन व मधलीं बरोबर तीनच घ्यावीं लागतात. गेल्या दिवाळींत माझ्या हातीं बदामाचा एक्का होता आणि मध्यें बदामाचींच चार पानें पडलीं. मीं साऱ्या चिंचोक्यांची रास पुढें सारली. नात हंसून म्हणाली, "आजोबा, तुमचा कलर होतच नाहीं!" माझ्या हातांत बदामाचें दुसरें पान नव्हतें. नियम मला पाठ होता; पण पाठ असणें निराळें व अंगवळणीं पडणें निराळें. जन्मभर मुलांना हेंच सांगणारा मी स्वतः तेथें फसलों!

चार पानांतून दोन निवडण्याच्या रीती ६ व पांचांतून तीन निवडण्याच्या १०. म्हणजे ओमाहांत एकूण ६० रचना होतात. मूळ डावांत सातांतून पांच निवडण्याच्या रीती २१ च. साहजिकच ओमाहांत मोठे हात वारंवार लागतात, आणि होल्डेममध्यें जिंकून देणाऱ्या दोन जोड्या येथें अपुऱ्या पडतात.

दुसरा प्रकार छोट्या कॅटाचा. प्रत्येक रंगांतील दुरीपासून पंजीपर्यंतचीं पानें काढून टाकावयाचीं. ५२ पैकीं ३६ उरतात. मूळ डावांत तिघां-दोघांचा मेळ, म्हणजे फुल हाउस, कलरहून वरचढ. छोट्या कॅटांत बहुधा उलट मानतात. असें कां? मी मॅट्रिक झालेला मास्तर. अकरावींत शिकणाऱ्या नातीनें हें गणित मला सोडवून दाखविलें. ५२ पानांतून पांच पानांचे फुल हाउस ३,७४४ प्रकारें होतात व कलर ५,१०८ प्रकारें. ३६ पानांत फुल हाउस १,७२८, पण कलर अवघे ४८०! एकेका रंगांत तेरांऐवजीं नऊच पानें राहिल्यामुळें कलर दुर्मिळ झाला. आणि विरळ तें मोलाचें.

तिसरा प्रकार पाइनॅपल. हातीं तीन पानें येतात व मधलीं उघडण्यापूर्वीं एक टाकावें लागतें. क्रेझी पाइनॅपलमध्यें तेंच पान मधलीं तीन उघडल्यावर टाकतात. चौथ्या प्रकारांत रास दुभंगते: अर्धी सर्वांत मोठ्या हातास, अर्धी सर्वांत लहानास. लहान हाताचीं पांचही पानें निरनिराळीं व अठ्ठीच्या वर नसलेलीं हवींत. लहानानें जिंकणें आपणांस नवें नाहीं. तीन पत्तींत मुफलिस आहे. आणि सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांतही, १२० पानांच्या दहा रंगांपैकीं पांचांत राजा-प्रधानांखालीं दश्शी मोठी, तर उरलेल्या पांचांत एक्का मोठा.

तेव्हां नवा प्रकार समोर आला कीं प्रथम विचारावें: बदललें काय? हातांतलीं पानें, कॅटांतलीं पानें, पान टाकण्याची वेळ, कीं जिंकण्याची अट? नंतर दहा डाव सर्वांचीं पानें उघडीं ठेवून खेळावे व कोण कां जिंकला हें प्रत्येकानें मोठ्यानें सांगावें. मगच चिंचोके लावावे.

हा आग्रह कां? माझ्या परिचयाचा एक तरुण असले प्रकार मोबाइलवर पैसे लावून शिकूं लागला आणि वर्षाच्या फीची रक्कम गमावून बसला. नियम त्यास ठाऊक होते. नियम बदलल्यानें हाताचें मोल कसें बदलतें, हें ठाऊक नव्हतें. तें कळलें असतें तरीही डाव चालविणारा आपला वाटा कापून घेतच होता. ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा केला. परंतु कायदा होईपर्यंत त्या घराचें जें जावयाचें तें गेलें होतें.

मुलांच्या हातून पत्ते हिसकावून घेऊं नका. त्यांच्यासह बसा, त्यांच्याकडून शिका, चूक झाली तर हंसा. चिंचोके हरले तर चिंचेखालीं आणखी मिळतात.