क्यूची टिप बदलताना...

क्यूच्या टोकावरील चामड्याची छोटी चकती, अर्थात टिप, हाच खेळाडू आणि चेंडू यांच्यातील एकमेव दुवा. पूलच्या क्यूवर ती साधारण १२ ते १३ मिलिमीटर, तर स्नूकरच्या क्यूवर ९ ते १० मिलिमीटर व्यासाची असते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्सच्या कॅप्टन मिंगो यांनी ती रूढ केली आणि चेंडूला हवी तशी फिरकी देणे शक्य झाले.

टिप झिजली, कडेने सुटू लागली किंवा चॉक धरेनाशी झाली, की बदलावी. जुनी टिप पात्याने काढून फेरूलवरील, म्हणजे टोकाच्या कड्यावरील, सुकलेला गोंद पूर्णपणे खरवडावा. हा पृष्ठभाग सपाटच राहिला पाहिजे. तो गोलावल्यास टिप नीट चिकटत नाही आणि ऐन फटक्याच्या वेळी निखळते. नव्या टिपची खालची बाजू पॉलिश पेपरवर घासून, गोंदाचा पातळ थर लावून ती मधोमध दाबून धरावी. गोंद पक्का वाळल्यावर बाहेर आलेली कड कापून माथ्याला घुमटासारखा आकार द्यावा.

नवी टिप फटक्यांनी दबून हळूहळू घट्ट होते. तोवर चेंडूचा अंदाज चुकू शकतो. त्यामुळे स्पर्धेच्या आदल्या दिवशी ती बदलणे टाळलेलेच बरे.