सुटकेनंतरचा श्रावण

‘आधुनिक गुलामगिरी’ ही संज्ञा मराठीत नवी असली, तरी तिच्यामागची वस्तुस्थिती ‘वेठबिगार’ आणि ‘लग्नगडी’ या शब्दांनी फार पूर्वीपासून नोंदवून ठेवली आहे. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी सावकाराच्या शेतावर वर्षानुवर्षे राबणारा ठाणे जिल्ह्यातील आदिवासी म्हणजे लग्नगडी. १९४५ च्या वारली उठावाचा रोख ज्या प्रथांवर होता, त्यांत हीही होती. रायगड, ठाणे व पालघरमधील कातकऱ्यांच्या बाबतीत आज त्या कर्जाची जागा पुष्कळदा वीटभट्टीच्या बयाण्याने घेतली आहे.

बयाणा म्हणजे हंगामापूर्वीची उचल. घरातले धान्य संपलेले आणि गणपती तोंडावर आलेले असताना ती हाती पडते. दिवाळीनंतर कुटुंब भट्टीवर जाते, तेथे नवरा-बायको मिळून एक जोडी धरली जाते आणि मजुरी हजार विटांमागे ठरते, पण आठवड्याला मिळते ती केवळ खर्ची, म्हणजे तेल-मीठ-तांदळापुरती रक्कम. पावसाळ्याच्या तोंडावर होणाऱ्या हिशेबात बयाणा, खर्ची आणि आजारपणात दिलेले पैसे मजुरीतून वजा होतात व जे फिटत नाही ते ‘अंगावर’ राहते. वही शेठकडे असते, त्यामुळे अवकाळी पावसात भिजलेल्या कच्च्या विटा कोणाच्या खाती पडल्या, हे मजुराला वाचता येत नाही.

२५ ऑक्टोबर १९७५ पासून अमलात आलेल्या वेठबिगार निर्मूलन कायद्याच्या सहाव्या कलमाने असे ऋण फेडण्याचे दायित्वच संपुष्टात आणले. परंतु ऋण संपले म्हणून गरज संपत नाही. १९८४ मध्ये नीरजा चौधरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुटकेनंतर पुनर्वसन झालेच पाहिजे असे बजावले, ते याच कारणाने. सुटका झालेल्या व्यक्तीला प्रशासनाने द्यावयाचे मुक्ती प्रमाणपत्र हा त्या पुनर्वसनाचा पहिला दाखला. १९७८ मध्ये केंद्रपुरस्कृत योजनेतील मदत माणशी ४,००० रुपये होती. २०१६ च्या योजनेने ती प्रौढ पुरुषासाठी १ लाख, स्त्रिया व बालकांसाठी २ लाख आणि लैंगिक शोषणासारख्या अतितीव्र प्रकरणांत ३ लाख केली. मात्र तातडीची मदत २०,००० रुपयांपर्यंत, पुढे ३०,००० रुपयांपर्यंत मर्यादित राहिली आणि उरलेली रक्कम खटल्याच्या निकालाशी बांधली गेली. न्यायालयीन विलंबाची किंमत अशा रीतीने मालकाने नव्हे, तर पीडिताने मोजावी, ही रचना समर्थनीय नाही.

दीर्घकालीन सावरणे म्हणजे केवळ ही रक्कम नव्हे. अनेक कातकरी वाड्या दुसऱ्याच्या खासगी जमिनीवर वसलेल्या आहेत. जातीचा दाखला वा शिधापत्रिका नसेल, तर सरकारी योजनेचे दार बंदच राहते, आणि आईबापांबरोबर भट्टीवर गेलेल्या मुलाची शाळा दिवाळीलाच सुटते. वसई परिसरात १९८२ पासून काम करणाऱ्या श्रमजीवी संघटनेने सुटकेच्या लढ्याला किमान वेतनाच्या व जमिनीच्या लढ्याची जोड दिली, ती म्हणूनच महत्त्वाची ठरते.

सर्वांत दुर्लक्षित राहिले आहे ते कायद्याचे चौदावे कलम. मुक्त मजुरांना पुरेसे कर्ज मिळावे यासाठी ग्रामीण बँका व सहकारी संस्थांच्या कामाचा मेळ घालणे, तसेच जुन्या कर्जाच्या वसुलीसाठी कोणी दावा लावल्यास मजुराच्या बाजूने उभे राहणे, ही जिल्हा व उपविभागीय दक्षता समित्यांची कर्तव्ये त्यात स्पष्ट लिहिलेली आहेत. त्या समित्यांनी आपली बैठक भट्ट्या पेटल्यावर नव्हे, तर बयाणा वाटला जाण्यापूर्वी, श्रावणात घ्यावी.