दहा नंबरची जर्सी

मे महिन्यात आमच्या मालवणात या. भाटात, पुळणीवर, शाळेच्या मैदानात, जिथे म्हणून तीन दांड्या रोवता येतील तिथे क्रिकेट चाललेलं असतं. मीही त्यातलाच. पण तेरेखोलची खाडी ओलांडून पलीकडे गेलं की माड तेच, माशाची आमटी तीच, आणि खेळ मात्र एकदम वेगळा! तिथली पोरं संध्याकाळी फुटबॉल बडवत असतात. याचं मूळ जुनं आहे. विल्यम रॉबर्ट लायन्स नावाच्या इंग्रज पाद्र्याने 1883 साली शिवोलीत मुलांना हा खेळ शिकवला, असं गोव्यात सांगतात. शिवोली आमच्यापासून किती लांब? पण ते वेड काही खाडी ओलांडून इकडे आलं नाही.

मला ते दाखवलं माझ्या मामाने. आमच्याकडे घरटी एखादा माणूस नोकरीसाठी गोव्यात असतोच, तसा मामा मडगावला. कोकण रेल्वे झाल्यापासून कुडाळला गाडीत बसलं की दोनेक तासांत मडगाव. एका सुट्टीत त्याने मला फातोर्ड्याच्या स्टेडियममध्ये नेलं. धेंपोची मॅच होती. मी आपला सवयीने शेंगदाणे आणायला उठलो, तर मामाने हात धरून खाली बसवलं. "झिला, ह्या काय क्रिकेट नाय. तू चाय पिऊन येशीत तवसर गोल झालेलो असतलो!" आणि झालाही. मी पाठमोरा होतो.

धेंपो हे खाणमालकांचं घराणं. 'नवप्रभा' या दैनिकामुळे मराठी वाचकालाही ते ठाऊक. साठच्या दशकात या घराण्याने फुटबॉलचा संघ उभा केला. साळगावकरांचा संघही तसाच, खनिजाच्या पैशावर वाढलेला. त्या काळची रीत साधी होती. चांगला खेळाडू दिसला की त्याला कंपनीत नोकरी द्यायची आणि मैदानावर पाठवायचं. 1996 मध्ये राष्ट्रीय लीग सुरू झाली आणि करारावरचे, पूर्णवेळ खेळाडू आले. त्यात परदेशीही होते.

त्यातलाच एक ब्राझीलचा क्रिस्तियानो ज्युनियर, वय अवघं पंचवीस. 5 डिसेंबर 2004 रोजी बंगळुरात फेडरेशन कपचा अंतिम सामना होता, समोर मोहन बागान. धेंपोने तो 2-0 असा जिंकला, आणि दोन्ही गोल याचेच. दुसरा गोल मारताना त्याची गोलरक्षकाशी टक्कर झाली. तो मैदानावर कोसळला आणि त्यातच गेला. ज्या गोलने कप आला, तोच त्याचा शेवटचा क्षण. क्लबने त्याची दहा नंबरची जर्सी कायमची निवृत्त केली. मामा ही हकिगत सांगतो तेव्हा दर वेळी मध्येच थांबतो, आणि आम्हीही त्याला पुढचं विचारत नाही.

त्याच हंगामात, म्हणजे 2004-05 मध्ये, धेंपो पहिल्यांदा राष्ट्रीय लीग जिंकला. मग जणू दारच उघडलं. 2006-07 मध्ये पुन्हा विजेतेपद. लीगचं नाव 'आय-लीग' झालं तर तिचा पहिलाच मान, 2007-08 चा, यांच्याकडे. मग 2009-10, मग 2011-12. एकूण पाच. 2008 मध्ये आशियाई फुटबॉल महासंघाच्या 'एएफसी कप'मध्ये उपांत्य फेरीपर्यंत मजल. प्रशिक्षक आर्मांदो कुलासो, गोव्याचेच. संघात क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा, समीर नाईक अशी गोव्याची पोरं, आणि गोल करायला नायजेरियाचा रँटी मार्टिन्स, ज्याने 2011-12 च्या एका हंगामात 32 गोल मारले. आय-लीगची पहिली सहा विजेतेपदं पाहा: तीन धेंपोची, दोन चर्चिल ब्रदर्सची, एक साळगावकरांचं. सगळीच्या सगळी गोव्यात! केवढासा तो प्रदेश, आपल्या एखाद्या जिल्ह्याएवढा. कोलकात्याच्या क्लबांना घाम फोडला त्याने.

आणि तरीही मी गेलो त्या दिवशी गॅलरी अर्धी रिकामी होती. हे मला तेव्हाही खटकलं होतं. मामा म्हणाला, आपापल्या गावची मॅच असली की लोक लोटतात, कंपनीच्या संघाला कोण आपलं म्हणणार?

पुढे चक्रं फिरली. धेंपोंनी 2009 मध्येच खाणीचा धंदा विकला होता. 2012 मध्ये तर गोव्यातल्या खाणीच बंद पडल्या. 2014 मध्ये झगमगाटाची इंडियन सुपर लीग आली आणि तिच्यात 'एफसी गोवा' हा नवा संघ. गंमत अशी, की त्याच्या सुरुवातीच्या मालकांत धेंपो आणि साळगावकर या दोन्ही घराण्यांतली माणसं होती. म्हणजे जुन्या घराला तडा गेला त्यात घरच्यांचाही थोडा हात, असं आपलं माझं मत. 2014-15 मध्ये धेंपो आय-लीगमधून खाली घसरला. पुढच्याच हंगामात दुसरी श्रेणी जिंकून वर यायचा हक्कही मिळवला. पण 2016 मध्ये फुटबॉल महासंघाचा आराखडा आला: सुपर लीग वर, आय-लीग खाली, आणि जिंकून वरच्या पायरीवर चढायची सोयच नाही. धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे तिघेही राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. मैदानावर हरून बाहेर जाणं वेगळं. इथे तर जिंकून आलेला संघ दारातून परत फिरला. त्या पोरांना घरी जाऊन काय सांगायचं?

नंतरची काही वर्षं धेंपो गोव्यातच खेळत राहिला. मामा निवृत्त होऊन मालवणात येऊन राहिला. सकाळी पेपर आला की तो अजून मागच्या पानापासून वाचतो. 2024 मध्ये एके दिवशी त्याने मला ओटीवर हाक मारली. धेंपो दुसरा क्रमांक मिळवून पुन्हा आय-लीगमध्ये येत होता, आणि प्रशिक्षक होता समीर नाईक.

"समीर? बचावात खेळायचो तो?"

"तोच."

मामाने चष्मा काढून पुसला. पेपराची घडी घातली, पुन्हा उघडली.

"कुडाळहून सकाळची गाडी कितीक असा? दोन तिकिटा काढून ठेव."